फ्लॉपीवरची मराठी कोण वाचणार?

१/ पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल जपून ठेवलेले आहेत. कागद टिकला, शाई टिकली. आज अडते ते लिपीपाशी, कारण मोडी वाचणारे थोडे उरले. याच शहरात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी घरोघरच्या संगणकांवर लिहिल्या गेलेल्या मराठीवरही तशीच वेळ आली आहे. तिचे भवितव्य दोन निवडींनी ठरले: संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती आणि लेखन साठवायचे कशावर.

२/ आरंभीच्या घरगुती संगणकांवर डॉस असे. काळा पडदा, ८० रकाने, २५ ओळी आणि रोमन अक्षरे. डॉसला देवनागरी ठाऊकच नव्हती. जोडाक्षर, वेलांटी, रफार यांची जुळणी करणे तिच्या रचनेत बसत नव्हते.

३/ उपाय निघाला तो यंत्राच्या पोटात. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. ‘जिस्ट’चे कार्ड संगणकात बसवले की अक्षरजुळणी ते कार्ड करी आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही मराठी उमटे.

४/ त्यामागे ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती; १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिच्यात प्रत्येक वर्णाला एक क्रमांक, आणि तो एका बाइटमध्ये मावणारा. ‘क’ म्हणजे १७९.

५/ एका बाइटचे मोल तेव्हा मोठे होते. साडेतीन इंची फ्लॉपीची क्षमता १४,७४,५६० बाइट. इस्कीत तिच्यावर सुमारे पावणेपंधरा लाख वर्णचिन्हे मावत. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे त्याच फ्लॉपीवर पाच लाखांहूनही कमी. साठवण तोकडी असताना लेखनपद्धतीही काटकसरीचीच सोयीची ठरते.

६/ पुढे विंडोज आली. तिचा पडदा चित्रमय असल्याने अक्षरांचे आकार फॉन्टमधूनच पुरवता येऊ लागले. कार्डाची गरज संपली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ घराघरांत आणि छापखान्यांत रुळली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, प्रबंध, सोसायटीच्या सूचना असे सारे मराठीत टंकता येऊ लागले. ही सोय क्रांतिकारक होती.

७/ मात्र त्या काळच्या विंडोजलाही मराठी कळत नव्हती. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. माणसाला ‘क’ दिसे, संगणकाच्या लेखी ते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. फॉन्ट हरवला की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरे.

८/ तोडगा १९९१ मध्येच मांडला गेला होता. त्या वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. त्यात ‘क’ला २३२५ हा क्रमांक मिळाला; फॉन्ट कोणताही असो, क्रमांक तोच. परंतु मानक तयार होणे वेगळे आणि घरच्या संगणकाने ते मानणे वेगळे.

९/ ती वाट २००० मध्ये मोकळी झाली. विंडोज २००० ने देवनागरी स्वतः हाताळली. तिच्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. लिनक्सवरही युनिकोड मराठी आली. रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. तरीही जुनी सवय सुटायला वेळ लागला. विंडोज एक्सपीतही भारतीय लिपींचा आधार सेटिंगमध्ये जाऊन वेगळा सुरू करावा लागे. ज्यांनी तो केला नाही, त्यांचे लेखन जुन्याच फॉन्टमध्ये अडकत राहिले.

१०/ दुसरे संकट साठवणीचे. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर पावसाळी दमटपणात बुरशीला बळी पडे. सव्वापाच इंची फ्लॉपीचे ड्राइव्ह बाजारातून गेले, मागोमाग साडेतीन इंचीचेही. सीडी आल्या, त्यांच्यावरील रंगद्रव्य काळाने विटते. हार्ड डिस्कचे फिरते भाग झिजतात. एसएसडीत भागच फिरत नाहीत, पण दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास तिच्यातला विद्युतभार ओसरतो. कायमचे माध्यम अद्याप कोणतेच नाही.

११/ म्हणून १९९५ च्या सुमारास लिहिलेला एखादा मराठी प्रबंध आज वाचायचा तर तीन दारे उघडावी लागतात: फ्लॉपी वाचणारे यंत्र, ती फाइल उघडणारा प्रोग्रॅम आणि नेमका तोच फॉन्ट. एक दार बंद राहिले तरी प्रबंध मुका. मोडी कागदाला निदान एकच दार आहे, आणि त्याची किल्ली शिकता येते.

१२/ इतिहासाने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. कितीतरी बखरी आपल्यापर्यंत आल्या त्या मूळ प्रतीतून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेल्या नकलांमधून. घरच्या संगणकालाही तोच न्याय लागू पडतो. ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही असो, मजकूर युनिकोडमध्ये हवा. माध्यम कोणतेही असो, प्रती एकाहून अधिक हव्यात आणि जुने यंत्र मोडीत निघण्याआधी त्या नव्यावर उतरवायला हव्यात.

१३/ २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीला स्वतःचे क्रमांक मिळाले. पेशवे दफ्तराची अक्षरे आता पुढच्या कोणत्याही संगणकावर त्याच क्रमांकांनी ओळखली जातील. त्याच पुण्यातल्या कपाटांत पडलेल्या फ्लॉपींवरची, अवघ्या एका पिढीपूर्वीची मराठी मात्र अजून कोणीतरी नक्कल उतरवून घेण्याची वाट पाहते आहे.