दूधसागरची वाट : अभयारण्यातील धबधब्यांकडे जाताना

सह्याद्रीचा कडा कर्नाटकातून गोव्यात उतरतो, त्या सीमेवर दूधसागर धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळतो. पावसाळ्यात त्याचे रूप सर्वांत भव्य असते आणि नेमक्या त्याच दिवसांत पायथ्याकडे जाणारी जंगलवाट बंद असते. ही विसंगती अनेक पर्यटकांना खटकते. बंद फाटकाला वळसा घालून, रेल्वेच्या रुळांवरून किंवा ओढ्यांच्या काठाकाठाने धबधबा गाठण्याचा प्रयत्न दरवर्षी होतो आणि त्यातून कधी कारवाई, तर कधी दुर्घटना ओढवते. म्हणूनच या परिसरातील वाटा कोणत्या, त्या केव्हा खुल्या असतात आणि बंदीमागचे कारण काय, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

अभयारण्याची ओळख

दूधसागर धबधबा भगवान महावीर अभयारण्यात येतो. १९६९ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालेल्या या वनाचे क्षेत्रफळ सुमारे २४० चौरस किलोमीटर असून, त्याच्या गाभ्यातील सुमारे १०७ चौरस किलोमीटरचा भाग १९७८ मध्ये मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. महाराष्ट्रातील सह्याद्री प्रामुख्याने लाव्हारसाच्या थरांतून घडलेल्या काळ्या कातळाचा आहे. दूधसागरच्या परिसरात मात्र त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट जातीचा खडक उघडा पडला आहे.

सदाहरित आणि पानझडी अशी दोन्ही प्रकारची वने येथे शेजारी शेजारी नांदतात. गवा, बिबट्या, रानकुत्रा, सांबर आणि शेकरू यांचा हा अधिवास. नागराज आणि चापडा हे विषारी सर्पही येथे आढळतात. पावसाळ्यात पायवाटांवर जळवांचा सुळसुळाट असतो.

या वनाचे महत्त्व केवळ निसर्गसौंदर्यापुरते नाही. दूधसागरचे पाणी खाली वाहत जाऊन खांडेपार नदीच्या रूपाने मांडवीला मिळते. वाटेत ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्प हेच पाणी उचलतो आणि ते फोंडा व तिसवाडी तालुक्यांत, म्हणजे पणजी शहरातही, नळावाटे पोहोचते. धबधब्याखाली टाकलेल्या कचऱ्याचा संबंध पणजीतील स्वयंपाकघराशी आहे, तो असा.

कुळे ते दूधसागर

पायथ्याकडे जाण्याचा नेहमीचा मार्ग कुळे गावातून सुरू होतो. वनखात्याच्या फाटकापासून सुमारे दहा-बारा किलोमीटरचा हा कच्चा रस्ता दाट जंगलातून जातो आणि वाटेत नदीचे प्रवाह ओलांडतो. पावसाळा संपून प्रवाह उतरले की, साधारणतः ऑक्टोबरपासून, परवानाधारक जीपगाड्या सुरू होतात आणि पुढच्या पावसापर्यंत चालतात. जीप थांबते तेथून पुढचे अंतर पायी, मोठमोठ्या दगडधोंड्यांतून पार करावे लागते. ते फार नसले तरी ओल्या दगडांवरून तोल सांभाळणे सोपे नाही. पायथ्याच्या डोहात उतरणाऱ्यांना लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने या भेटीसाठी सर्वांत योग्य. त्या वेळी धबधब्याला भरपूर पाणी असते आणि वाटही खुली झालेली असते. फेब्रुवारीनंतर धार बारीक होत जाते आणि मे महिन्यात बराचसा कातळ उघडा पडतो.

तांबडी सुर्लची पायवाट

गर्दी टाळू इच्छिणाऱ्यांसाठी मोलेपासून बारा-तेरा किलोमीटरवरील तांबडी सुर्ल हे ठिकाण अधिक समाधान देणारे आहे. येथील महादेवाचे मंदिर कदंबकालीन असून बाराव्या-तेराव्या शतकांतील मानले जाते. गोव्यातील त्या काळच्या मंदिरांपैकी आज सुस्थितीत उभे असलेले असे दुसरे मंदिर नाही. मंदिराजवळून निघणारी पायवाट दाट झाडीतून आणि ओढे ओलांडत तांबडी सुर्लच्या धबधब्यापाशी पोहोचते. वाट लहान असली तरी ती अभयारण्यातून जाते, त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या सोबत असणे हिताचे. गवा समोर आल्यास आरडाओरड न करता थांबावे आणि त्याला वाट मोकळी करून द्यावी, हे वाटाडे आवर्जून सांगतात.

रूळ म्हणजे पायवाट नव्हे

दूधसागरच्या मधल्या टप्प्यासमोरून रेल्वेचा पूल जातो. पोर्तुगीज राजवटीतील मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा लोहमार्ग बांधण्यात आला. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट चढताना गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात, इतका त्याचा चढ तीव्र आहे. २०१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘चेन्नई एक्सप्रेस’ या चित्रपटात हे दृश्य झळकले आणि पुलावर उभे राहून छायाचित्र काढण्याची हौस अधिकच वाढली.

कॅसलरॉकहून किंवा कुळ्याहून रुळांच्या कडेने चालत जाण्याची पद्धत एके काळी गिर्यारोहकांत रूढ होती. आज तो गुन्हा आहे, हे ठामपणे सांगायला हवे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार अनधिकृत प्रवेशासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या मार्गावर बोगदे आहेत, तीव्र वळणे आहेत आणि धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. घाटात दरडीही कोसळतात. जुलै २०२१ मध्ये दूधसागर ते सोनावळी या टप्प्यात दरडीमुळे एका प्रवासी गाडीचे डबे रुळांवरून घसरले होते. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी शेकडो पर्यटक या मार्गावर आले असता रेल्वे पोलिसांनी त्यांना अडवले आणि काहींना उठाबशा काढायला लावल्या. त्या शिक्षेच्या चित्रफितीवर तेव्हा बरीच चर्चा झाली, मात्र ही बंदी का आहे हा मुद्दा त्या चर्चेत मागे पडला.

पाणी का घात करते

त्याच जुलै महिन्यात शेजारच्या नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यात दोघांचा बुडून मृत्यू झाला आणि वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी जाहीर केली. अशा दुर्घटना बहुधा पोहता न येणाऱ्यांच्याच होतात, हा समज चुकीचा आहे. धबधब्याखालील फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे शरीराला तरंगण्यासाठी पुरेसा आधार मिळत नाही. कोसळणारी धार पोहणाऱ्याला तळाकडे दाबते आणि उलटा फिरणारा प्रवाह पुन्हा धारेखाली ओढतो. शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरून डोक्याला मार लागला, तर चांगला पोहणाराही असहाय होतो.

दुसरा धोका अदृश्य असतो. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडत असताना पायथ्याशी ऊन असू शकते. वर पडलेले पाणी तीव्र उतारावरून अल्पावधीत खाली येते आणि घोट्याएवढा ओढा काही मिनिटांत कमरेपर्यंत चढतो. नितळ पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पालापाचोळा व काटक्या वाहू लागणे आणि आवाज वाढणे या तीन खुणा दिसताच सामानाची पर्वा न करता उंच जागा गाठावी. ओढा ओलांडून पलीकडे गेल्यावर पाणी वाढले, तर ते उतरेपर्यंत तेथेच थांबणे शहाणपणाचे. परतण्याची घाई जिवावर बेतते.

पावसाळ्यात दूधसागर पाहावयाचाच असेल, तर सुरक्षित मार्ग उपलब्ध आहे. लोंढा ते कुळे या मार्गाने दिवसा जाणाऱ्या गाडीच्या डब्यातून, जागेवर बसून धबधब्याचे दर्शन घेता येते. दारात उभे राहणे मात्र टाळावे.

हे लक्षात ठेवा

* कसे जावे : पणजीहून मोले सुमारे ६० किलोमीटर, बेळगाव महामार्गावर. मोलेपासून कुळे पाच-सहा किलोमीटर. कुळे हे वास्को-लोंढा मार्गावरील रेल्वे स्थानक आहे. पुण्या-मिरजेकडून बेळगाव व लोंढामार्गे गोवा एक्सप्रेसने येता येते.
* परवानगी : कोणती वाट खुली आहे, याचा निर्णय वनखाते पावसाप्रमाणे घेते. निघण्यापूर्वी मोले किंवा कुळे येथील वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी.
* सोबत काय असावे : पकड असलेले बूट, पायांना जळवांपासून जपणारे लांब मोजे, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराचे साहित्य.
* काय टाळावे : मद्यपान, मोठ्या आवाजातील संगीत आणि माकडांना खाऊ घालणे. माणसाच्या अन्नाला सरावलेली माकडे पुढे पर्यटकांच्या पिशव्यांवर झडप घालतात.
* कचरा : नेलेली प्रत्येक पिशवी आणि बाटली परत आणावी. अभयारण्यात ती उचलणारी यंत्रणा फाटकापलीकडे फारशी पोहोचत नाही.