हैदराबादेत तळ्याकाठी प्लॉट घेताय? आधी पाण्याची जागा बघा

नांदेड, देगलूर, बिदर, आदिलाबादकडच्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी हैदराबादेत असतं. प्लॉट बघायला गेलं की दलाल हमखास सांगतो, ‘समोरच तळं आहे.’ ते तळं नुसतं शोभेचं नसतं. वसाहतीतलं पावसाचं पाणी थोपवायची ती जागा असते.

हैदराबादची जमीन खडकाळ आणि चढउताराची. तिथं मोठ्या तलावाला चेरुवू म्हणतात, लहान तळ्याला कुंटा. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी नाल्यात, नाल्यातून खालच्या तलावात आणि शेवटी मुसीत, अशी ही जुनी साखळी आहे.

हिशेब सोपा आहे. दहा एकरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४० लाख लिटर पाणी होतं. तेवढं पाणी एक एकराच्या तळ्यात एक मीटर खोलीत मावतं. पण तेवढी जागा रिकामी पाहिजे ना! सांडपाण्याने बारा महिने भरलेलं किंवा गाळाने उथळ झालेलं तळं दिसायला छान, पुराच्या वेळी मात्र त्याचा उपयोग थोडाच. सिमेंटच्या वस्तीत पाणी जिरत नाही, म्हणून ते येतंही एकदम.

१३ ऑक्टोबर २०२० च्या पावसात बेगमपेठेत २४ तासांत १९ सेंटीमीटरहून जास्त पाऊस झाला. त्या रात्री पल्ले चेरुवू फुटून अल जुबैल कॉलनीत पाणी शिरलं. चारच दिवसांनी गुर्रम चेरुवूचा बांध फुटला आणि हाफिज बाबा नगरातली घरं पाण्यात गेली.

उलटं उदाहरण अंबरपेटच्या बतुकम्मा कुंट्याचं. एके काळी सुमारे १४ एकरांचं हे तळं भरावाखाली गेलं होतं. ‘हायड्रा’ने उरलेले पाचेक एकर मोकळे करून खोदले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. नऊ एकर मात्र गेले ते गेलेच.

आता कागदपत्रांचं. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचतं, त्या हद्दीला तिकडे सगळे एफटीएल म्हणतात. तिच्या आत बांधकाम चालत नाही. हद्दीबाहेरही १० हेक्टर आणि त्याहून मोठ्या तलावाला ३० मीटर, लहानाला ९ मीटर जागा मोकळी सोडावी लागते. आपल्याकडे सातबारा, तशी तिथं पहाणी. तिच्यात ‘शिकम’ लिहिलेलं असेल तर ती तलावाची जमीन समजा. काही ठिकाणी अशी जमीन खासगी पट्ट्याचीही असते. मालकी खरी असते, पण घर बांधता येत नाही. नुसती रजिस्ट्री झाली म्हणून निर्धास्त राहू नका. एचएमडीएच्या तलाव नकाशात सर्व्हे नंबर जुळवून घ्या.

आणि जागा उन्हाळ्यात बघू नका. मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, शेजारच्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ कुठवर आलीय ते बघा.