घाटाच्या पायथ्याचा करंट

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांची खास नोंद आहे. देशावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परत जाताना इथली चाकं घेऊन जायचा. बोरघाटाचा रस्ता 1830 मध्ये गाड्यांसाठी खुला झाला. मुंबईहून बोटीनं पनवेलच्या बंदरात उतरायचं आणि इथून घाटाची वाट धरायची, असा तो प्रवास होता. 1863 मध्ये रेल्वेनं घाट सर केला आणि बंदराचं महत्त्व ओसरलं, पण रस्ता राहिला. पुढे त्याच रस्त्यावर मोटारी आल्या आणि चाकं करणाऱ्या गावात गॅरेजं उभी राहिली. घाट चढण्याआधी गाडी दाखवून घ्यायची ती पनवेललाच. खोपोलीला पोचल्यावर दुखणं लक्षात आलं तर समोर चढणच असे.

मी या रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून वाढलो आणि म्हातारा झालो. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. त्याआधी मुंबईची गाडी ठाणे, मुंब्रा, शीळफाटा असा वळसा घेऊन पनवेलला यायची. आमच्या उस्तादांनी ते दिवस पाहिले होते. पूल झाल्यावर गाड्या वाढल्या आणि त्यांत सगळ्यात जास्त फियाट. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची. अकराशे, मग डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी अशी नावं बदलत गेली. आत 1089 सीसीचं तेच चार सिलिंडरचं इंजिन आणि 1-3-4-2 हाच फायरिंगचा क्रम. एक गाडी हाताखालून गेली की सगळ्या कळत.

फियाट घाटात तापते, हे लोकांच्या तोंडी इतकं बसलं होतं की बोनेटमधून वाफ दिसली की माणूस आधी रेडिएटरलाच शिव्या द्यायचा. उस्ताद रेडिएटरकडे नंतर बघायचे. आधी डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढून पॉइंट बघायचे. पॉइंट उघडला की कॉइलमधला 12 व्होल्टचा प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टचा करंट प्लगपर्यंत जातो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. पॉइंटची फायबरची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की ठिणगी उशिरा पडायला लागते. उशिरा पडलेल्या ठिणगीची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही, ती उष्णता होऊन इंजिनातच राहते. सपाटीवर हे कळत नाही, घाटात कळतं. फिलर गेज घालून गॅप 0.4 मिलिमीटरच्या आसपास आणायचा, टायमिंग लावायचं, की ‘तापणारी’ गाडी घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी न थांबता वर जायची. ज्याला थांबायचं तो नाणं वाहायला थांबायचा.

दुसरं दुखणं उन्हाळ्याचं. चढणीत गाडी झटके देत बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते. यात दोन संशयित असतात. पेट्रोल पंपात वाफ धरते, किंवा पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गरम होऊन दगा देतो. ड्रायव्हर मंडळी पंपावर ओलं फडकं टाकायची आणि गाडी सुरू झाली की फडक्याला श्रेय द्यायची. खरं तर तेवढ्या वेळात कंडेन्सरही थंड झालेला असायचा. म्हणून फडक्याआधी ठिणगी बघावी. कॉइलची जाड वायर टोपीतून उपसायची, सुक्या लाकडी चिमट्यात धरून तिचं टोक ब्लॉकजवळ न्यायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. ठिणगी निळी आणि कडकडीत असेल तर पंपाकडे वळा. पिवळी, मरगळलेली असेल तर कंडेन्सर बदला.

आणि पाऊस. कोकणातल्या जुलैमध्ये टोपीच्या आत दमटपणा धरतो. रात्री दिवे मालवून, इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं की जुन्या वायरींवरून निळसर धागे सरपटताना दिसतात. प्लगला जाणारा करंट वाटेतच पळत असतो. टोपीला आतून केसाएवढी काळी रेघ दिसली तर ती पुसून जात नाही, कारण करंटनं तिथे कोळशाची वाट पाडलेली असते. ती टोपी टाकूनच द्यावी. पुण्याचा कोरड्या हवेतला मालक म्हणतो, माझी टोपी वर्षानुवर्षं चालते. चालत असेल, पण पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे वळायचं असेल तर पावसाच्या आधी टोपी, रोटर आणि वायरी नव्या घाला.

आता ज्यांच्याकडे पद्मिनी उरली आहे, ती माणसं हौसेनं सांभाळतात आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू का, असं विचारतात. बसवा, असंच मी सांगतो. पॉइंटच्या जागी डेल्कोच्या आतच बसणारं मॉड्यूल मिळतं. झिजणारी टाच जाते, टायमिंग सरकत नाही, घाटात फरक जाणवतो. मात्र कॉइल जुळती घ्या. कमी रोधाची ‘जोरदार’ कॉइल पॉइंटवर लावली तर पॉइंट जळतात, आणि न पेलणाऱ्या मॉड्यूलवर लावली तर मॉड्यूलच जातं. कॉइलचा प्राथमिक रोध मीटरनं मोजून घ्या. साध्या पॉइंटच्या गाडीला तो 3 ओहमच्या आसपास लागतो. काढलेली पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवा. मॉड्यूल गेलं तर रस्त्यात दुरुस्त होत नाही, प्लेट मात्र स्क्रू ड्रायव्हरनं पुन्हा बसते. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून डेल्को बाहेरून जसा होता तसाच ठेवावा, इंजिनाला भोकं पाडून काही बसवू नये.

2002 मध्ये कळंबोलीहून निघणारा एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्यावरची आमची गर्दी ओसरली. तरी सुटे भाग मिळत होते, कारण मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना ते लागत होते. ऑक्टोबर 2023 च्या शेवटी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली आणि ती मागणीही संपली. माझी कळकळीची विनंती पनवेलपासून कुर्ल्यापर्यंतच्या त्या दुकानदारांना आहे, ज्यांच्या माळ्यावर ल्युकास-टीव्हीएसच्या टोप्या, रोटर, पॉइंट, मायकोचे प्लग अजून खोक्यात पडून आहेत. भंगारात घालू नका, गाडी सांभाळणाऱ्यांना द्या. आणि घेणाऱ्यांनी प्लग, रोटर, पॉइंट डोळे झाकून घ्यावेत. टोपी उजेडात धरून तडा बघून घ्यावी. जुना कंडेन्सर मात्र नवा कोरा दिसला तरी तपासल्याशिवाय घेऊ नये. त्याच्या आतला कागद खोक्यात पडल्या पडल्याही दमट होतो, आणि ते कळतं थेट खोपोलीच्या पुढे.