रेल्वेने वसवलेल्या एका लहान गावाची लोकसंख्या : थरमंड (वेस्ट व्हर्जिनिया) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लोकसंख्या हे गावाच्या मोठेपणाचे सर्वमान्य माप समजले जाते. लोकसंख्या वाढली की गावाची भरभराट झाली आणि ती घटली की गावाला उतरती कळा लागली, असा सरळ अर्थ जनगणनेच्या आकड्यांतून काढण्याची आपली सवय आहे. शेतीवर उभ्या असलेल्या खेड्याच्या बाबतीत हा अर्थ पुष्कळ अंशी बरोबरही ठरतो. परंतु केवळ रेल्वेच्या गरजेतून जन्माला आलेल्या गावाला हे माप जसेच्या तसे लागू पडते काय? अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील थरमंड या अत्यंत लहान गावाच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. २०२० च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या अवघी ५ होती. एके काळी मात्र चेसापीक अँड ओहायो रेल्वेला सर्वाधिक उत्पन्न देणारे ठिकाण म्हणून ते ओळखले जात असे.

गावाची स्थापना आणि भूगोल

थरमंड हे फेयेट काउंटीत न्यू रिव्हर या नदीच्या खोल दरीत वसले आहे. कॅप्टन डब्ल्यू. डी. थरमंड यांना १८७३ मध्ये जमीन मोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून येथील ७३ एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी जानेवारी महिन्यात चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा मुख्य मार्ग या दरीतून पूर्ण झाला आणि व्हर्जिनियाचा प्रदेश ओहायो नदीशी जोडला गेला. दरीतील कोळशाला बाहेरची बाजारपेठ मिळाली ती या मार्गामुळेच. पुढे नदीवर पूल झाला, पलीकडील खाणींकडे जाणारा शाखामार्ग निघाला आणि मुख्य मार्ग व शाखामार्ग यांच्या मिलनस्थानी थरमंडचे महत्त्व वाढले.

या गावाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला उभा डोंगर, यांच्यामधील अरुंद पट्ट्यात रूळ टाकल्यावर रस्त्यासाठी जागाच उरली नाही. त्यामुळे बँक, दुकाने आणि कचेऱ्या यांची दारे सरळ रुळांकडे उघडत. गावाचा मुख्य रस्ता म्हणजेच लोहमार्ग, अशी ही स्थिती होती. मोटारीचा रस्ता गावापर्यंत पोहोचला तो १९२० च्या दशकात. तोपर्यंत माणूस, धान्य, टपाल आणि पैसा या साऱ्यांची ये-जा रेल्वेनेच होत असे.

भरभराटीचा काळ

विसाव्या शतकाची पहिली दोन दशके हा थरमंडचा सुवर्णकाळ होय. आसपासच्या खाणींतून कोळशाने भरलेल्या वाघिणी येथील यार्डात येत. तेथे त्यांची जुळवणी होऊन लांब मालगाड्या पुढे रवाना होत. दिवसाला पंधरा प्रवासी गाड्या गावातून जात आणि स्थानकावर वर्षाला सुमारे ९५,००० प्रवाशांची वर्दळ असे. १९०४ मध्ये बांधलेली स्थानकाची इमारत आजही उभी आहे.

गावाच्या सामाजिक जीवनालाही दोन बाजू होत्या. कॅप्टन थरमंड हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ असून आपल्या जमिनीवर त्यांनी मद्याला बंदी घातली होती. परंतु नदीच्या दुसऱ्या बाजूची जमीन थॉमस मॅकेल या खाणमालकाची होती. तेथे १९०१ मध्ये शंभर खोल्यांचे डनग्लेन हॉटेल सुरू झाले. येथील पत्त्यांचा एक डाव सलग चौदा वर्षे चालला, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी एवढ्या लहान गावालगत शंभर खोल्यांचे हॉटेल चालू शकले, यावरून तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे प्रमाण किती मोठे होते याची कल्पना येते.

लोकसंख्येचा आकडा आणि त्याची मर्यादा

एवढ्या वर्दळीच्या या गावाची लोकसंख्या किती होती? जनगणनेतील तिचा सर्वोच्च आकडा ४६२ आहे. वर्षाकाठी ९५,००० प्रवासी हाताळणाऱ्या ठिकाणी पाचशे माणसेही कायम राहत नव्हती. या विसंगतीचे कारण जनगणनेच्या पद्धतीतच आहे. जनगणना गावात राहणाऱ्या माणसाची नोंद करते, गावातून जाणाऱ्या माणसाची नाही. खाणीवरून बाजारहाटासाठी आलेला मजूर, गाडी बदलण्यासाठी थांबलेला प्रवासी, कोळशाचा सौदा करण्यासाठी आलेला व्यापारी, यांपैकी कोणीही थरमंडच्या लोकसंख्येत मोजला गेला नाही. प्रत्यक्षात गाव जगत होते ते त्यांच्याच जोरावर.

दुसरी बाब याहून अधिक उद्बोधक आहे. ४६२ हा आकडा १९३० चा आहे. म्हणजे गावाच्या वैभवाचा काळ लोटल्यानंतर लोकसंख्या शिखरावर पोहोचली. त्याच १९३० मध्ये डनग्लेन हॉटेल आगीत भस्मसात झाले. महामंदीच्या झळा लागून नॅशनल बँक ऑफ थरमंडसह अनेक व्यवसाय बंद पडले. मोटारीच्या रस्त्यांमुळे प्रवाशांना आणि व्यापाऱ्यांना रेल्वेखेरीज दुसरा पर्यायही मिळाला होता. केवळ जनगणनेचा तक्ता पाहणारा अभ्यासक १९३० हे वर्ष थरमंडच्या उत्कर्षाचे मानील. व्यापाराचा इतिहास पाहणाऱ्याला तेच वर्ष ऱ्हासाचे दिसेल.

ऱ्हासाचे खरे कारण

थरमंडच्या ऱ्हासाचे श्रेय सामान्यतः कोळसा उद्योगाच्या घसरणीला दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा भरावा लागे, राख काढावी लागे, भट्टी आणि नळ्या साफ कराव्या लागत. दुरुस्तीसाठी शेड आणि तीत कुशल कारागीर लागत. या साऱ्या कामांसाठी माणसे गावातच राहणे आवश्यक होते. गावाच्या स्थिर लोकसंख्येचा कणा प्रवासी किंवा व्यापारी नव्हता, तर इंजिनाची निगा राखणारा हा कामगार होता.

१९४० च्या दशकात या रेल्वेने डिझेल इंजिने वापरण्यास आरंभ केला. डिझेल इंजिन न थांबता दूरवर जाऊ शकते. त्याला वाटेत पाणी लागत नाही आणि राखही काढावी लागत नाही. परिणामी थरमंडच्या यार्डातील बहुतेक कामे निरर्थक ठरली. गाड्या धावत राहिल्या, कोळसाही जात राहिला, पण गावात थांबण्याचे कारण संपले. इंजिनांत कोळसा भरण्यासाठी बांधलेला काँक्रीटचा मनोरा त्या युगाची साक्ष देत आजही रुळांशेजारी उभा आहे. २००० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या ७ झाली. २०१० मध्ये ती ५ होती आणि २०२० मध्येही तेवढीच राहिली.

गाव म्हणजे काय?

पाच माणसांच्या वस्तीला गाव म्हणावे काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. कायद्याच्या दृष्टीने याचे उत्तर होकारार्थी आहे. २००५ च्या स्थानिक निवडणुकीत गावातील सातपैकी सहा रहिवासी उमेदवार होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये येथील परिषदेने समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींविरुद्धच्या भेदभावास मनाई करणारा ठराव एकमताने संमत केला आणि असे करणारे ते राज्यातील सर्वांत लहान गाव ठरले. लोकसंख्या जवळपास संपली, तरी नागरी संस्था म्हणून गाव टिकून राहिले.

दुसऱ्या बाजूने गावाचे रूपांतर स्मारकात होत गेले. १९७८ मध्ये न्यू रिव्हर दरीला राष्ट्रीय संरक्षण मिळाले, १९८४ मध्ये थरमंडची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली आणि २०२० च्या अखेरीस या दरीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. १९९५ मध्ये स्थानकाची दुरुस्ती करून तेथे पर्यटकांसाठी माहिती केंद्र उघडण्यात आले. न्यूयॉर्क–शिकागो मार्गावरील कार्डिनल ही प्रवासी गाडी आजही उतारू असल्यास येथे थांबते. इमारती वाचल्या, हे स्वागतार्हच आहे. परंतु भिंती वाचवणे आणि त्या भिंतींमागील श्रमजीवनाची नोंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आपल्याकडील अभ्यासासाठी बोध

महाराष्ट्रात इगतपुरीचा रेल्वेमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. १:३७ चढाच्या थळ घाटात गाडीला मागून जादा इंजिन लावावे लागते. कर्जत–लोणावळा घाटातही हीच व्यवस्था आहे. अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांची वस्ती कोणत्या तांत्रिक गरजेमुळे निर्माण झाली, हे पाहिल्याशिवाय त्या गावाच्या लोकसंख्येचा अर्थ उलगडत नाही. स्थानिक इतिहास लिहिताना जनगणनेच्या जोडीला स्थानकाचे उत्पन्न, गाड्यांची संख्या, शेडमधील पदे आणि इंजिनांचे बदललेले प्रकार यांचाही विचार व्हावयास हवा.

निष्कर्ष

थरमंडच्या इतिहासावरून असे म्हणता येते की, रेल्वेने वसवलेल्या गावाची लोकसंख्या त्याचा व्यापार मोजत नाही. ती मोजते रेल्वेला तेथे किती हातांची गरज होती ते. ती गरज यंत्राने निर्माण केली आणि यंत्रानेच संपवली. भारतात ब्रॉडगेजवरील नियमित वाहतुकीतून वाफेचे इंजिन १९९० च्या दशकात निवृत्त झाले. त्या शेडमध्ये राबलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांची मौखिक साक्ष नोंदवून ठेवण्याचे काम लहान गावांतील महाविद्यालयांचे इतिहास विभाग सहज करू शकतात. ते आज झाले नाही, तर उद्याच्या अभ्यासकाच्या हाती केवळ जनगणनेचा तक्ता उरेल, आणि त्या तक्त्याच्या मर्यादा थरमंडच्या उदाहरणाने पुरेशा स्पष्ट केल्या आहेत.