डिपस्टिकची कुळकथा

योहान्स केपलर म्हटलं की ग्रहांच्या कक्षा आठवतात. डिझेल ट्रकच्या इंजिनात तेल मोजायला खोचलेल्या पोलादी पट्टीचं कूळ शोधायला निघालं तरी वाटेत हा गृहस्थ भेटतो. १६१३ साली, ऑस्ट्रियातल्या लिंझला राहत असताना, त्याचं दुसरं लग्न झालं, त्या सुमारास घरी वाइनची पिंपं आली. व्यापाऱ्यानं प्रत्येक पिंपाच्या भोकातून एक सळई तिरकी आत घातली, पार तळाच्या कोपऱ्याला टेकवली, ती किती आत गेली ते पाहिलं आणि किंमत सांगून मोकळा झाला. केपलरला हे पटेना. पिंप बुटकं असो की लांबुडकं, सळई तेवढीच आत जाईल. वाइन मात्र कमीजास्त भरेल! हा हिशेब त्याच्या डोक्यातून जाईना. १६१५ साली त्यानं पिंपांच्या आकारमानावर अख्खं पुस्तक काढलं. त्यात त्याला मान्य करावं लागलं की ऑस्ट्रियातल्या पिंपांची ठेवणच अशी आहे की आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी माल फारसा बदलत नाही. सळई बरोबर होती. मोजणारा शहाणा, पण त्याहून पिंप करणारा शहाणा.

बंद भांड्यात काठी घालून आतला माल ओळखायची ही रीत. आपल्याकडच्या पेट्रोल पंपांवरही जमिनीखालच्या टाकीत रॉड सोडून ‘डिप’ घेतात, ती याच घराण्यातली.

इंजिनाला मात्र सुरुवातीला अशा काठीची गरजच नव्हती. पहिल्या मोटारींत तेल थेंबथेंब बेअरिंगवर पडायचं आणि जळून नाहीतर रस्त्यावर गळून संपायचं. वापरलेलं तेल परत येतच नव्हतं, मग उरलं किती हे बघायचं कुठे? तेलाची बाटली ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर असली की झालं. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम कारखान्यातल्या आल्बर्ट पेननं १८९० साली वाफेच्या इंजिनासाठी दाबानं तेल फिरवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पंप तेल वर ढकलणार, ते बेअरिंगमधून निथळून खाली येणार, पुन्हा वर जाणार. पुढे मोटारींनीही तेल फिरतं ठेवायला सुरुवात केली. तेल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये साठायला लागलं, म्हणजेच नजरेआड गेलं.

फोर्डच्या मॉडेल टीवर (१९०८) याचा इलाज मोठा गमतीचा होता. इंजिनाच्या खालच्या अंगाला एकावर एक अशा दोन तोट्या. गाडीखाली हात घालून वरची तोटी उघडायची. तेल आलं तर भरपूर. खालच्या तोटीतूनही आलं नाही तर गाडी हलवायची नाही. चिखलात कोपर टेकून हा उद्योग कोण रोज करणार? मॉडेल टीनंतर आलेल्या मॉडेल एला फोर्डनं डिपस्टिक दिली. बोनेट उघडा, पट्टी ओढा, संपलं.

डिझेल ट्रक १९२३-२४च्या सुमारास जर्मनीत बेन्झ आणि मॅन या कंपन्यांनी रस्त्यावर आणले. डिझेलची काजळी हे तेलाचं नवं दुखणं. १९३०च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत ती पिस्टनच्या खाचांत साचून रिंगा चिकटायला लागल्या. १९३५ साली कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलनं ‘डेलो’ हे तेल बाजारात आणलं. त्यातली रसायनं काजळी धुऊन काढतात आणि तेलातच तरंगत ठेवतात. तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत पट्टीवर काळंकुट्ट दिसतं ते त्यामुळे. ‘काळं पडलं, बदला’ म्हणणाऱ्यांना हे कितीदा सांगावं! डिझेलमध्ये काळं तेल म्हणजे कामावर असलेलं तेल. रंगावरून त्याचं वय ठरत नाही.

जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक १९५४पासून निघायला लागले. पुढे पट्टी पाहणं हे आपल्या हायवेवर क्लीनरचं सकाळचं पहिलं काम होऊन बसलं. गाडी सपाटीवर हवी, इंजिन बंद करून निदान दहा मिनिटं झालेली हवीत, नाहीतर वर गेलेलं तेल चेंबरमध्ये उतरलेलंच नसतं. पहिल्यांदा ओढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही. तिच्यावर नळीच्या भिंतीचं तेल माखलेलं असतं. फडक्यानं पुसायची, पूर्ण खाली दाबायची, मग ओढून बघायची. दोन खुणांच्या मध्ये असेल तर चला. वरच्या खुणेपलीकडे भरणं ही हौस नाही, नुकसान आहे. क्रँक तेलात बुडून ते घुसळतो, फेस होतो आणि प्रेशर पडतं.

पातळी सारखी उतरत असेल तर आधी गाडीखालची जमीन बघा: चेंबरचं पॅकिंग किंवा क्रँकचं मागचं सील. जमीन कोरडी आणि सायलेन्सरमधून निळा धूर असेल, तर इंजिन ‘ऑइल खातंय’. रिंगा, व्हॉल्व्हची सीलं किंवा टर्बो, तिघांपैकी कोणीतरी.

इतकी वर्षं भीती होती ती तेल उतरण्याची. आता ते चढल्याचीही धास्ती बाळगावी लागते. १ एप्रिल २०२० पासून धुरातल्या प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले. या नियमांतल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो आणि तो अधूनमधून तापवून साफ करावा लागतो. त्यासाठी काही इंजिनं सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडतात. गाडी गावातल्या गावात फिरत राहिली, साफसफाई अर्धवट तुटली, की त्यातलं थोडं डिझेल रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं, पट्टीवर मात्र पातळी वाढलेली दिसते. इंजेक्टर गळत असेल तरी हेच होतं. हेड गॅस्केट गेलं असेल तर पाणी शिरतं आणि पट्टीवर दुधाळ चहासारखा थर दिसतो.

तेव्हा न भरता पातळी वाढली असेल तर ‘बरं झालं, टॉप-अप वाचला’ म्हणू नका, थोडं तेल काढून खुणेवर आणूही नका. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा येत असेल किंवा थर दुधाळ असेल, तर स्टार्टर न मारता आधी मेकॅनिकला बोलवा.