जीव टांगणीला लागतो तेव्हा

नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग रुग्णालयात स्कॅनच्या रिपोर्टसाठी थांबलेली माणसे पाहिली, की अनिश्चिततेत शरीराचे काय होते, हा या अभ्यासाचा विषय समजावून सांगावा लागत नाही. एक बाई मांडीवरच्या फाइलची प्लॅस्टिकची कड अंगठ्याने दुमडते, सरळ करते, पुन्हा दुमडते. नवऱ्याला "काही नसेल हो" म्हणते, पण तिचा पाय थांबत नाही. डबा उघडलेला आहे आणि घास घशाखाली उतरत नाही. आजाराचे नाव दोघांना केव्हाच कळले आहे, उपचारही ठरले आहेत. आता छळतो तो अजून हाती न आलेला कागद.

मराठीने हा अनुभव पूर्वीच शरीरावर नोंदवून ठेवला आहे. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, छातीत धस्स होते, हातपाय गळतात. निकाल कळला की जीव भांड्यात पडतो. "जिवाची नुसती घालमेल चाललीय" म्हणणारी आजी नेमके वर्णन करत असते. विज्ञान याच वाटेने आले. भावना म्हणजे शरीरातल्या बदलांचीच जाणीव, असे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्ये मांडले. संकटात शरीर लढायला किंवा पळायला कसे सज्ज होते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या ग्रंथात दाखवले.

संकट आलेलेच नसेल, फक्त येईल की नाही हे ठाऊक नसेल, तर? 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे का, हे ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका. झटका बसणारच, हे ठाऊक असताना माणसे तुलनेने शांत होती. शक्यता निम्मी-निम्मी असताना घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा विस्तार सर्वाधिक होता. वाईट बातमीपेक्षा बातमीची वाट जड जाते, हा घरोघरचा अनुभव असा आकड्यांत उतरला. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका चढत-उतरत होता, त्यांचे अंदाजही अधिक बरोबर आले. धडधडणारे शरीर आपला शत्रू नाही. ते जागा असलेला पहारेकरी आहे.

काहींचा पहारेकरी मात्र झोपतच नाही. कॅनडातल्या क्युबेकमधल्या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये अनिश्चितता सोसण्याची क्षमता मोजणारी 27 विधानांची प्रश्नावली तयार केली. ही क्षमता कमी असलेला माणूस खात्री शोधत राहतो: पुन्हा नाडी बघतो, पुन्हा गूगल करतो, पुन्हा "सगळं ठीक आहे ना?" विचारतो. घटकाभर बरे वाटते आणि मग शंका दुप्पट होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार महाराष्ट्रात रुजवणाऱ्या कि. मो. फडके यांच्या कामाचा रोखही इथेच आहे: खात्री असावी ही इच्छा ठीक, खात्री असलीच पाहिजे हा हट्ट घातक. म्हणून आजचे उपचार धडधड थांबवण्याच्या मागे लागत नाहीत. समुपदेशकासमोर जागच्या जागी धावून ती मुद्दाम आणली जाते, आणि ती आपोआप उतरते हे माणूस स्वतः अनुभवतो.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. हे नवी मुंबई शहर 95 गावांच्या संपादित जमिनीवर उभे आहे. 1984 च्या जानेवारीत जासईच्या शेतकरी आंदोलनात पाच भूमिपुत्र हुतात्मा झाले. त्यानंतर संपादित जमिनीच्या बदल्यात मान्य झालेल्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांसाठी अनेक घरांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. अशा घरातल्या धाकधुकीवर श्वासाचा व्यायाम हे उत्तर नव्हे. जी अनिश्चितता माणसांनी निर्माण केली, ती माणसांनीच दूर करायची असते. सोसायला शिकायचे ते उरलेल्या अनिश्चिततेसाठी.

विद्यार्थी, परिचारिका, समुपदेशक आणि रुग्णांचे नातेवाईक, या अभ्यासात तुम्हा सर्वांचे स्वागत आहे. सुरुवात सोपी आहे. समोरचा "छातीत धडधडतंय" म्हणाला, तर आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या. तपासणीत काही निघाले नाही, तरी "मनाचे खेळ आहेत" म्हणू नका. धडधड खरीच असते. "कधीपासून? कशाची वाट बघतोयस?" एवढे विचारा आणि शेजारी बसा. सोबतीपलीकडची मदत लागली, तर टेली मानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.