दहा दिवसांचे बाळ, चौदा वर्षांची आई

रायपूरच्या तात्यापारा भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहतात. मागे कार्यालयीन कामानिमित्त तेथे गेलो असता एका घरी वृद्ध आजींनी विचारले, "आनंदीबाई डॉक्टर झाल्या, हे सारे सांगतात. त्या आधी आई झाल्या होत्या, हे कोण सांगतो?"

प्रश्न मनात रुतून बसला. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५चा. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी पुत्र. योग्य उपचारांअभावी ते बाळ दहा दिवसांत गेले. पती गोपाळराव टपाल खात्यात होते, म्हणजे आम्हा सरकारी नोकरांचेच पूर्वज. पत्नीला शिकविण्याचे श्रेय त्यांचेच. पण पुढे अमेरिकेहून त्यांना लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी दहाव्या वर्षी खाल्लेला लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके आणि मिळालेली सोडून देण्याची धमकी यांची आठवण दिली आहे. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली निवर्तल्या. बाळ गेल्यावर त्या मुलीच्या मनाचे काय झाले, हे विचारणारी यंत्रणा तेव्हा नव्हती.

आज आहे काय? कायदे आहेत. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५चा. त्यात मानसिक छळही येतो. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून उपलब्ध आहे. पतीची मारहाण हे त्या नैराश्याचे एक मान्य कारण आहे.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तक्ते पाहण्याची खोड असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तथ्यपत्रकात १५ ते १९ वयाच्या, माता झालेल्या वा गर्भवती मुलींचे प्रमाण आहे : महाराष्ट्रात ७.६ टक्के, छत्तीसगढमध्ये ३.१ टक्के. त्याच पत्रकात पतीकडून होणाऱ्या हिंसेचा आकडा मात्र १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा आहे. सोळा वर्षांची आई पहिल्या रकान्यात मोजली जाते, दुसऱ्यातून गळते.

उपाय फार खर्चाचा नाही. छत्तीसगढमध्ये २००२ पासून 'मितानिन' घरोघरी जाते. देशभर आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी येऊन बाळाचे वजन व ताप पाहते. त्याच भेटीत, नवरा व सासू जवळ नसताना, आईला दोन प्रश्न विचारता येतील : झोप लागते का? घरात कोणाची भीती वाटते का? अर्थात उत्तर 'हो' आल्यास पुढे कोणाकडे न्यायचे, हेही तिला आधी सांगून ठेवले पाहिजे. नाहीतर तो प्रश्नही फॉर्मावरची एक खूण होऊन राहील.

आजींना तेव्हा उत्तर देता आले नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजावे.